लूआँचा सोमवार आणि कोंबडीच्या पायातलं वाळं

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग फ्रान्सचा आहे, पण आयफेल टॉवर नाही, पॅरिससुद्धा नाही. आज आपण चाललोय आठवडी बाजाराला.

गावाचं नाव लूआँ. लिहिताना त्यात एच, एन, एस सगळं आहे, बोलताना फक्त लूआँ. फ्रान्सच्या पूर्वेला, दिजाँ शहराच्या दक्षिणेला हे छोटंसं गाव आहे. आजूबाजूच्या मुलखाला म्हणतात ब्रेस. आणि इथला बाजार भरतो सोमवारी. गंमत म्हणजे फ्रान्समध्ये सोमवारी सकाळी छोट्या गावांतली बरीच दुकानं बंद असतात. लूआँत मात्र त्याच दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

गावाच्या मुख्य रस्त्याला दोन्ही बाजूंनी कमानी आहेत, तब्बल १५७! जुन्या पेठेतल्या घरांच्या ओसऱ्या एकमेकींना जोडल्या तर कसं दिसेल, तसं. पाऊस आला तरी छत्री न उघडता अख्खी खरेदी होते. चीज, मध, भाज्यांची रोपं, टोपल्या, शर्ट, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, सगळं एका ओळीत. हे बघत मी पुढे गेले आणि आधी कानावर आवाज आला. कोंबड्यांचा!

लूआँचा बाजार खरा ओळखला जातो तो याच्यासाठी. झाडांखालच्या मोकळ्या मैदानात खुराडी मांडलेली. जिवंत कोंबड्या, बदकं, ससे. लोक वाकून बघतात, पंख चाचपतात, नाक मुरडतात, पुढे जातात. भाषा कळली नाही तरी काय चाललंय ते आपल्याला बरोबर कळतं!

आता ब्रेसच्या कोंबडीबद्दल सांगते. तुरा लाल, पिसं पांढरी, पाय निळे. म्हणजे फ्रान्सचा झेंडाच चालतोय. पण नुसत्या रंगावर भागत नाही. १९५७ साली या कोंबडीच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. ब्रेसच्या ठरलेल्या हद्दीतच ती वाढली पाहिजे. प्रत्येक कोंबडीला किमान १० चौरस मीटर गवताळ जागा हवी, म्हणजे शंभरहून जास्त चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेत आख्खा संसार होतो, हो ना? खायला मका, गहू, दूध, आणि गवतात ती स्वतः शोधेल ते किडे. आपल्याकडचा ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत तयार होतो, ही कोंबडी चार महिने घेते.

आणि तिच्या डाव्या पायात एक वाळं असतं. त्यावर शेतकऱ्याचं नाव-पत्ता.

मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. कोंबडी पॅरिसच्या महागड्या हॉटेलात गेली तरी ती कुणी वाढवली, हे लिहिलेलं असतं. आपल्याकडे बाजारात विचारलं तर उत्तर येतं, 'गावठी आहे हो, घ्या बिनधास्त!' तिथे विश्वास माणसावर असतो, इथे तो विश्वास कायद्यात बांधलाय.

सगळंच गोड आहे असं नाही. शेवटचे काही दिवस कोंबडीला लाकडी पिंजऱ्यात ठेवून पोसतात, म्हणजे मांस मऊ होतं. मोकळ्या गवताच्या गोष्टीनंतर हे मला खटकलं. आणि किंमत साध्या कोंबडीच्या कैक पट असते. रोजच्या जेवणाची नाही, सणाची कोंबडी आहे ही. डिसेंबरात नाताळाच्या आधी ब्रेसमध्ये कोंबड्यांच्या स्पर्धा भरतात. पहिली झाली १८६२ मध्ये. स्पर्धेतले खास पक्षी साफ करून कापडात घट्ट शिवून मांडतात, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे.

दुपारी बाजार उठला की सायकल घ्या आणि गावाबाहेर पडा. सपाट रस्ता, कुंपणाची झाडं, तळी, चिकणमातीची शेतं. जुनी घरं लाकूड आणि मातीची, बसकी, लांबच लांब, आणि काहींच्या वळचणीला अजून मक्याची कणसं टांगलेली. या लोकांना 'पिवळ्या पोटाचे' असं चिडवायचे, कारण ते भाजलेल्या मक्याच्या पिठाची पेज खायचे. तिचं नाव 'गोद'. आपल्या आंबिलीची लांबची बहीण म्हणा ना! गरिबाघरचा तोच मका कोंबडीनं खाल्ला आणि ती श्रीमंतांच्या ताटात गेली.

आपल्याकडे झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला, पण 'कडकनाथ' अशी पाटी कुठल्याही हायवेवर दिसते. कोंबडी कुठली, वाढवली कुणी, काही पत्ता नाही. कागदावर नाव मिळणं ही सुरुवात झाली. त्या नावाचा पैसा वाढवणाऱ्याच्या हातात पडायचा, तर नाव मालासोबत ताटापर्यंत जायला हवं. लूआँत ते जातं, कारण वाळ्यामागे कायदा आहे, आणि दर सोमवारी ते वाळं वाकून बघणारं गिऱ्हाईकही आहे.

जाणार असाल तर दोन गोष्टी. रविवारी रात्रीच मुक्कामाला पोचा, बाजार सकाळचाच असतो. आणि खिशात सुटे युरो ठेवा.

आता तुम्ही सांगा. तुमच्या भागातली कुठली वस्तू आहे, जिच्यावर पिकवणाऱ्याचं नाव असायला हवं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. भेटूच!