टीव्हीवरचा भूकंप आणि आपल्या घराची भिंत
(मसोली येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला, पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर एका ताईने मला विचारले, "टीव्हीवर दाखवतात तसंच आपलं होणार का?" तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले. धुंदलवाडी भागातल्या बायकांनी भर थंडीत पोरांना घेऊन तंबूत रात्री काढल्या.

पण आपला धोका मोजायचा कशावरून? तुर्कस्तानचा धक्का ७.८ तीव्रतेचा होता. आपल्याकडचा १ फेब्रुवारी २०१९ चा ४.१ चा. हा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. म्हणजे तो भूकंप लाखो पटींनी मोठा. पडद्यावर हा हिशोब दिसत नाही. तिथे दिसतात कोसळलेल्या इमारती आणि रडणाऱ्या बाया.

मग आपल्याला धोका नाही? आहे, पण त्याचे रूप वेगळे. त्या १ फेब्रुवारीला दोन वर्षांची एक मुलगी दगावली. ती ढिगाऱ्याखाली सापडली नव्हती, घाबरून बाहेर पळताना पडली. त्याच वर्षी जुलैत घराची भिंत पडून एक माणूस गेला. १९९३ साली किल्लारीतही जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि जड माळवदांनी. आपली कुडाची भिंत हलकी. आधाराशिवाय उभी केलेली विटांची भिंत मात्र घातक ठरू शकते. ही माहिती परदेशातल्या चित्रांतून मिळत नाही.

मोठा धक्का कधी येईल हे आज कोणीही सांगू शकत नाही. म्हणून तारखेच्या अफवांवर विश्वास ठेवू नका. धक्का बसला तर म्हातारी माणसे आणि मुले कोणी सांभाळायची, दाराची वाट मोकळी आहे का, हे घरात आधी ठरवा.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करू या. प्रत्येक पाड्यावर तडे गेलेल्या भिंतींची यादी करू. अंगणवाडी आणि आश्रमशाळाही त्यात घेऊ. ती ग्रामसभेत मांडू, ठरावात लिहून घेऊ. घरकुलाच्या भिंतीत भूकंपाला टिकणाऱ्या पट्ट्या घालतात का, हे विचारू. पुन्हा तंबू लागलेच तर संडास आणि रात्रीचा उजेड आधी मागू.

कॅमेरे येतात आणि जातात. त्या भिंतीआड चूल पेटवणारी बाई तिथेच राहते. तिची यादी तिनेच करायला हवी.