टोल देणारी मुलगी



‘मोबाइलचं व्यसन आणि मुलांच्या मनाची उभारी, यावर पंधरा मिनिटं बोला, मॅडम,’ असं मुख्याध्यापकांनी मला फोनवर सांगितलं होतं. मी तयारी करून आले. पण मघाशी शाळेच्या फाटकातून आत शिरले आणि विहिरीशेजारच्या लिंबाकडे नजर गेली. पूर्वी शाळेचा टोल ज्यावर पडायचा, तो रेल्वेच्या रुळाचा तुकडा अजून तिथंच टांगलेला आहे. तारेचा वेढा फांदीत पार रुतलाय. ठोके पडून पडून मधोमध झालेला खळगा मी बोटानं चाचपून पाहिला. तिथून पाय निघेना.

1986 साली मी इथं आठवीत होते. त्या श्रावणात माझे वडील गेले. द्राक्षबागेवर कर्ज होतं. आई दुसऱ्यांच्या बागेत विरळणीला, छाटणीला जाऊ लागली. मी शाळेत यायचे ती नुसती शरीरानं. शेवटच्या बाकावर बसायचे. कुणी काही विचारलं तर ऐकू यायचं, पण पोचायचं नाही. घटक चाचणीत गणितात 25 पैकी 4 गुण पडले. घरी कुणी रागावलंसुद्धा नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा भूगोलाच्या सरांनी मला बोलावून घेतलं. सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, उठू नका, बसूनच राहा. सरांनी मला धीराचे चार शब्द सांगितले नाहीत. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, लोखंडी दांडा दिला आणि म्हणाले, ‘उद्यापासून टोल तू द्यायचा. तू चुकलीस तर अख्खी शाळा चुकेल.’

ते घड्याळ माझ्या मनगटावर बसत नव्हतं. दंडापर्यंत वर सरकवून घालायचे. प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत दहा-अकरा वेळा उठायचं. तास संपायला दोन मिनिटं असताना बाकावरून निघायचं, लिंबाखाली जायचं, काटा जागेवर आला की दांडा मारायचा. हाताला झिणझिण्या यायच्या. त्या वर्षभरात रडू काही थांबलं नाही. पण रडता रडता घड्याळ बघावं लागायचं, आणि वेळ झाली की डोळे पुसून उठावंच लागायचं. ते उठणं मला आजवर पुरलं आहे.

पुढं मानसोपचार शिकताना एमी वर्नर या अभ्यासक बाईंचं काम वाचनात आलं. हवाईमधल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा माग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं चाळिशीला येईपर्यंत घेतला. त्यातली जवळपास एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं दारूचं व्यसन किंवा मानसिक आजार यांत वाढत होती. तरीही त्यांच्यातल्या तीनपैकी एकाचं नीट झालं. अशा मुलांच्या आयुष्यात बहुधा एखादं भरवशाचं मोठं माणूस होतं, आजी असेल, शेजारी असेल, शिक्षक असेल. आणखी एक गोष्ट वर्नरबाईंच्या ध्यानात आली. यांतल्या बऱ्याच मुलांवर लहानपणीच कुणाची तरी किंवा कशाची तरी खरीखुरी जबाबदारी होती. ते वाचलं त्या रात्री मला सरांच्या हातातला दांडा आठवला. सर, आपण ते संशोधन वाचलेलं नव्हतं. पण त्यातलं आपण सगळं केलं होतं.

आता मोबाइलबद्दल. थोडंच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. 2022 पासून ती यादी लागू झाली. खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळं मागं पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा आम्ही त्याला आजार म्हणतो. म्हणून पालकांनो, दोन तास रील बघणाऱ्या पोराला लगेच ‘व्यसनी’ म्हणू नका. तो शब्द मुलं मनात धरून ठेवतात. आणि मुलांनो, तुम्ही आळशी आहात म्हणून हातातून फोन सुटत नाही, असंही नाही. पडदा वर सरकवत राहिलं की पान संपतच नाही, ही युक्ती 2006 साली एझा रास्किन नावाच्या माणसानं काढली. पुढं त्यालाच तिचा पस्तावा झाला. शाळेत तास संपला की टोल पडतो. त्या पडद्यावर टोल कधीच पडत नाही.

तो टोल आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं दिला. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं 2022 साली संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला. साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसायची, मोठी माणसं बोलत बसायची. मला यातली एकच गोष्ट सांगायची आहे. भोंगा मुलांसाठी वेगळा नव्हता. आईबापांचेही फोन बाजूला पडत होते.

गेली 24 वर्षं मी सांगलीत मुलं तपासते. नुसता फोन काढून घेऊन पोरगं सुधारलं असं मी फारसं पाहिलेलं नाही. हात रिकामे झाले की ते दुसरं काहीतरी शोधतात. ओळख पटणार नाही इतपतच सांगते. एक मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात गेम खेळायचा. वडिलांनी फोन आपटून फोडला. पोरानं दोन दिवस अन्न सोडलं. आम्ही झोपेची वेळ हळूहळू मागं आणली, औषध लागलं नाही, आणि बागेतल्या ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायचं काम त्याच्या नावावर केलं. वडिलांनी त्यात हात घालायचा नाही, अशी अट होती. एकदा तो विसरला, दोन ओळी कोरड्या राहिल्या. वडील गप्प बसले. ते गप्प बसणं हा उपचारातला सगळ्यात अवघड भाग होता. गेम तो अजून खेळतो, पण अकराला झोपतो आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या ओळीला पाणी द्यायचं ते त्याला ठाऊक असतं.

उजव्या बाजूला बसलेल्या आयांनो, काम द्या म्हटल्यावर मुलींच्या ताटात आणखी भांडी वाढू नका. त्यांच्या वाट्याला काम आधीच भरपूर आहे, पण त्यातलं कुठलंच त्यांच्या मालकीचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुली गेमपेक्षा फोटोंनी जास्त दुखावलेल्या असतात. कुणी पाहिला, कुणी पाहिला नाही, कोण काय बोललं, यातच रात्र जाते. त्यांना बँकेत पाठवा, बागेचा हिशेब लिहायला द्या, मैदानावर सोडा. आणि मुलग्यांना भांडी द्या.

थोड्या वेळात मुलांचे नाच सुरू होतील. आपण सगळे फोन वर धराल. इथं स्टेजवर उभं राहिल्यावर काय दिसतं ते सांगते. पोराला आईचा चेहरा दिसत नाही, फोनची मागची बाजू दिसते. आज एक गाणं तरी फोन खाली ठेवून बघा.

घरात कुणाची झोप, जेवण, शाळा फोनपायी सुटली असेल तर लाजू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मुख्याध्यापक सर, एक मागणं आहे. कार्यालयाबाहेर विजेची घंटा पाहिली, ती आपोआप वाजते. ती बंद करा. माझ्या पर्समध्ये एक साधं मनगटी घड्याळ आहे, ते आत्ता आपल्या हाती देते. पहिला नंबर आलेल्याला ते देऊ नका. आठवीच्या शेवटच्या बाकावर कुणीतरी गप्प बसलेलं असेल, त्याला द्या, आणि एखादा टोल चुकला तर शाळेनं तो सोसावा. सोमवारचा पहिला टोल प्रार्थनेचा, दहा पन्नासला.