घर बांधण्याआधी



घर पाहावे बांधून, अशी आपली म्हण आहे. घरात जन्माची पुंजी जाते. म्हणून पाया खणण्याआधी चार गोष्टी बोलू.

आपल्या भोर-वेल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही. हिरडस मावळात, तोरण्याच्या पायथ्याला तो लवकर उघडीप देत नाही. पूर्वेला उतरावे तसा तो कमी होतो. मग दोन्हीकडे एकसारखे घर कसे चालेल?

वाडवडिलांचे घर आठवा. खाली दगडाचे उंच जोते. कारवीचा कूड, त्यावर शेणमाती. वर उतरते छप्पर आणि पुढे आलेली वळचण. हे उगीच नव्हते. मातीच्या भिंतीला पाणी दोन वाटांनी मारते. खालून ओल चढते, बाजूने झड लागते. जोत्याने एक वाट अडवली, वळचणीने दुसरी. पागोळ्या भिंतीपासून लांब पडत.

त्या घरातही उणे होतेच. खिडक्या लहान. चुलीचा धूर आत कोंडायचा आणि बायांचे डोळे चुरचुरायचे. ते उणे आपण काढावे, शहाणपण ठेवावे.

आता सगळ्यांना स्लॅबचे घर हवे. जरूर बांधा. पण सपाट स्लॅबवर पाणी साचते, मग गळती लागते. शेवटी वर पत्र्याची शेड घालावी लागते. म्हणजे खर्च दोनदा! उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत ऊब सोडतो. म्हणून छपराला चांगला उतार द्या. खिडक्या समोरासमोर ठेवा, त्यांवर छज्जा काढा. चुलीला धुराडे करा.

लॉरी बेकर नावाचे इंग्रज वास्तुशिल्पी १९४५ साली भारतात आले आणि इथलेच झाले. केरळात त्यांनी गरिबांसाठी पुष्कळ घरे बांधली. विटा उभ्या लावून ते भिंतीत पोकळी ठेवत. विटा कमी लागत आणि ऊनही आत कमी पोचे. जवळचा माल आणि गावचा गवंडी, यांवर त्यांचा भर होता.

आता सर्वांत मोठी गोष्ट. जागा. आपल्याच जिल्ह्यातले आंबेगाव तालुक्यातले माळीण आठवते ना? ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात डोंगर खचला. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली.

म्हणून घरासाठी डोंगराचा पाय तोडू नका. ओढ्याची वाट बुजवू नका. घरामागून चर काढून पाणी बाजूला न्या. पावसाळ्यात जमिनीला भेगा दिसल्या, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर सामान आवरत बसू नका. आधी माणसे हलवा, शेजाऱ्यांना हाक द्या, तलाठ्याला कळवा.

घर पुन्हा बांधता येते. माणूस पुन्हा येत नाही. तेव्हा जागा घेण्याआधी एका पावसाळ्यात तिथे जाऊन उभे राहू. पाणी कुठून येते, कुठे जाते ते पाहू. मगच कुदळ मारू.