राहिलेला एक फोटो

(सेक्टर 2 येथील गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



मी काही वक्ता नाही. प्लांटमध्ये नोकरी केली आणि हौस म्हणून कॅमेरा सांभाळला. तरी मंडळाने छायाचित्रणावर बोलायला सांगितले, म्हणून एका अस्सल छायाचित्रकाराविषयी बोलतो.

सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. मुंबईत वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढणारे. पुढारी, समारंभ हे तर रोजचेच काम. पण त्यांनी कॅमेरा वळवला तो मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांकडे. गटारात उतरणारी, कचऱ्याच्या ढिगात उभी राहणारी माणसे त्यांनी वर्षानुवर्षे कृष्णधवल चित्रांत टिपली. 2005 साली नॅशनल जिऑग्राफिकच्या 'ऑल रोड्स' उपक्रमात त्यांचा गौरव झाला. 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. परदेशांतही प्रदर्शने भरली. हाताने मैला उचलण्याविरुद्ध 1993 आणि 2013 मध्ये कायदे झाले, तरी गटारात गुदमरून माणसे मरायची थांबलेली नाहीत. म्हणून ही चित्रे जुनी होत नाहीत.

ती पाहिली आणि मला माझीच एक गोष्ट आठवली. पूर्वी 36 फोटोंचा रोल असे. बक्षीस समारंभाच्या संध्याकाळी माझ्याकडे तीनच फोटो उरले होते, पाहुण्यांसाठी राखलेले. मंडपाबाहेर झाडणारे काका हसत म्हणाले, "बाबूजी, एक हमारा भी." मी म्हटले, "रोल खत्म हो गया." खोटे बोललो.

पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा घरी आला. काका वारले होते. "बाबूजी, उत्सव के फोटो में कहीं पिताजी दिखते हैं क्या? माला चढ़ाने के लिए एक भी नहीं है." मी सगळे अल्बम उलटले. पाहुणे होते, हार होते, शाली होत्या. काका कुठेच नव्हते. त्या पाहुण्यांचे नावही आज मला आठवत नाही.

आता रोल संपत नाही. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. पाहुण्यांचे फोटो काढाच; पण मंडप बांधणारा, प्रसादाची भांडी घासणारी बाई, झाडूवाले काका यांचेही काढा. आधी विचारा, नाव लिहून घ्या आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या. पुढच्या स्मरणिकेत एक पान त्यांचे असावे, एवढीच समितीला विनंती.

गणपती बाप्पा मोरया!