जुनी दुखापत आणि गुडघ्याचा नवा सांधा

तारुण्यांत कबड्डी किंवा खो-खो खेळतांना एखाद्याचा गुडघा दुखावतो. पंधरा दिवस लेप-शेक होतो, सूज उतरते, आणि ती गोष्ट विस्मृतींत जाते. पुढें पंचेचाळिशी-पन्नाशींत तोच गुडघा जिना चढतांना कुरकुरूं लागतो. याचें कारण सांध्याच्या रचनेंत आहे.

मांडीचें हाड व नडगीचें हाड यांच्या टोंकांवर गुळगुळीत कूर्चेचें आवरण असतें, व मध्यें चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांपैकीं एखादी फाटली, किंवा अस्थिबंध तुटून सांधा सैल झाला, म्हणजे शरीराचा भार थोड्याच जागेवर पडूं लागतो व तेथील कूर्चा हळूहळू झिजते. गादी काढून टाकणें हेंहि निरुपद्रवी नाहीं, असें इंग्लंडांतील शल्यवैद्य फेअरबँक यांनीं १९४८ सालीं क्ष-किरणांच्या चित्रांवरून दाखविलें.

सांधा बदलण्याची कल्पना जुनी आहे. १८९० सालीं बर्लिन येथें ग्लुक यांनीं हस्तिदंती सांधा बसविला. परंतु क्षयानें दूषित झालेल्या गुडघ्यांत असले सांधे टिकले नाहींत. १९६८ सालीं इंग्लंडांतील राइटिंग्टन येथें गन्स्टन यांनीं धातु व प्लास्टिक यांची जोडी योजिली, आणि आजच्या शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली. या शस्त्रक्रियेंत सारा गुडघा काढीत नाहींत. हाडांचीं झिजलेलीं टोंकें तेवढीं कापून त्यांवर धातूचें आवरण बसवितात, व मध्यें प्लास्टिकची चकती ठेवतात.

दुखापतीचा संधिवात लवकर येतो, यांतच खरा पेंच आहे. सुमारें ८२ टक्के नवे सांधे २५ वर्षें टिकतात, असा २०१९ सालचा निष्कर्ष आहे. परंतु २०१७ सालच्या ब्रिटिश पाहणीप्रमाणें, पन्नाशीच्या आरंभीं सांधा बदललेल्या पुरुषांपैकीं सुमारें ३५ टक्क्यांवर पुन्हा शस्त्रक्रियेचा प्रसंग येण्याचा संभव असतो. सत्तरीनंतर तो ५ टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणून प्रथम वजन कमी करावें, मांडीचे स्नायु व्यायामानें बळकट करावे, हातीं काठी घेण्यांत कमीपणा मानूं नये. मात्र रात्रीची झोंप मोडूं लागली व घराबाहेर पडणें सुटलें, तर केवळ भीतीपोटीं दिवस ढकलणेंहि हितावह नव्हे. पाय आंखडला व स्नायु दुर्बळ झाले म्हणजे फळ उणें मिळतें.

शस्त्रक्रियेनंतर लवकरच रुग्णास उभें करतात. परंतु पुढील कित्येक महिन्यांचा व्यायाम त्यालाच करावा लागतो. जमिनीवर मांडी घालून जेवणें बहुधा सोडावें लागतें. एवढें समजून-उमजून, वैद्याशीं व घरच्या मंडळींशीं विचारविनिमय करून निर्णय घ्यावा. आणि घरांतील मुलाचा गुडघा खेळतांना मुरगळला, तर शेकावर न भागवितां तो वेळींच वैद्यास दाखवावा.