लाइन बंद पडते तेव्हा : मेकॅट्रॉनिक्स आणि मेंटेनन्सचं शिक्षण

दहावी-बारावीचे निकाल लागले की मला ठरावीक फोन यायला लागतात. कधी गावाकडचा एखादा भाऊबंद असतो, कधी मित्राची बहीण, कधी जुन्या कंपनीतला ऑपरेटर. प्रश्न एकच. "पोराला मेकॅट्रॉनिक्सला घालू का? स्कोप आहे का?" मी दहा मिनिटं बोलतो, फोन ठेवतो आणि मग वाटतं, अरे, खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज तेच सांगायला बसलोय.

माझी ओळख थोडक्यात देतो. मी सांगली जिल्ह्यातला, मराठी माध्यमाचा, आयटीआय झालेला. ट्रेड होता मशीन टूल मेंटेनन्स. त्यानंतर चाकणला अप्रेंटिस, मग तिथल्याच पट्ट्यात सतरा वर्षं मेंटेनन्स. गेली चार वर्षं पोरांना शिकवतो.

आधी शब्दाचं बघू. मेकॅट्रॉनिक्स हा शब्द १९६९ साली जपानमध्ये यास्कावा कंपनीतले इंजिनिअर तेत्सुरो मोरी यांनी बनवला. 'मेकॅनिझम'मधलं 'मेका' आणि 'इलेक्ट्रॉनिक्स'मधलं 'ट्रॉनिक्स'. झाला शब्द. शॉपफ्लोअरवर त्याचा अर्थ आणखी सोपा आहे. पूर्वी मशीन बंद पडलं की फिटर म्हणायचा, इलेक्ट्रिकलचा प्रॉब्लेम आहे. वायरमन म्हणायचा, मेकॅनिकलचा आहे. आणि दोघंही चहाला जायचे. मेकॅट्रॉनिक्सवाल्याला ती चहाची सोय नाही. बेअरिंगही त्याचं, सेन्सरही त्याचा, हवेचा सिलिंडरही त्याचा आणि पीएलसीही त्याचाच.

शिकायचे रस्ते पटकन सांगतो, कारण ही माहिती कुठेही मिळते. आयटीआयमध्ये टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन हे जुने ट्रेड करूनही माणसं या कामात येतात, आणि चांगली येतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आणि कुठल्याही रस्त्याने आलात तरी अप्रेंटिसशिप टाळू नका. जर्मनीत १९९८ साली मेकॅट्रॉनिकर हा रीतसर व्यवसाय म्हणून ठरला, तेव्हा त्याचं शिक्षण साडेतीन वर्षांचं ठेवलं गेलं, आणि त्यातला मोठा वेळ पोरगं कंपनीत मशीनसमोर असतं, उरलेला शाळेत. आपल्याकडे हे दोन तुकडे सुटे आहेत. आधी शाळा, मग कंपनी. त्यामुळे ते जोडायचं काम ज्याचं त्याला करावं लागतं.

आता मूळ गोष्ट. कॉलेजात ट्रेनर किट असतं. पांढऱ्या बोर्डवर वॉल्व्ह, सिलिंडर, निळ्या नळ्या, बाजूला पीएलसी. सगळं स्वच्छ, प्रत्येक वायरला नंबर. तुम्ही प्रोग्रॅम टाकता, सिलिंडर पुढे जातो, मागे येतो, सर सही करतात. पण तिथे तुम्ही चालू होणारी गोष्ट चालू करायला शिकता. नोकरी मात्र बंद पडलेल्या गोष्टीची असते. तिथे वायरचे नंबर तेलाने पुसलेले असतात, ड्रॉइंग सहा वर्षांपूर्वीचं असतं आणि मधे कोणीतरी रात्रपाळीत एक सेन्सर बायपास करून ठेवलेला असतो, जो कुठल्याच कागदावर नसतो.

माझा एक किस्सा सांगतो. नोकरीला दोनेक वर्षं झाली होती. थर्ड शिफ्ट. एका असेंब्ली स्टेशनवर क्लॅम्प बसत नव्हता. म्हणजे डोळ्यांना बसल्यासारखा दिसायचा, पण स्क्रीनवर मेसेज यायचा, क्लॅम्प क्लोज नॉट ओके. लाइन उभी. सुपरवायझर दर पाच मिनिटांनी मागे येऊन उभा राहायचा, काही बोलायचा नाही. त्याचं ते न बोलणं जास्त लागायचं. मी सिलिंडरवरचा रीड स्विच बदलला. मेसेज तोच. वॉल्व्ह बदलला. तोच. मग पीएलसीचं इनपुट कार्डच खराब असणार म्हणून स्टोअरवाल्याला झोपेतून उठवून नवीन कार्ड मागवलं. साडेतीन तास गेले.

सकाळी आमचे फोरमन आले. त्यांनी टूलबॉक्स उघडलाच नाही. ऑपरेटरला विचारलं, "कधीपासून होतंय?" तो म्हणाला, "साहेब, रात्री नवीन लॉट लागला तेव्हापासून. जॉब हाताने दाबून धरला की एखादवेळेस चालतं." हे वाक्य तो मला रात्रीच सांगायला आला होता, आणि मी त्याला "थांब जरा" म्हणून बाजूला केलं होतं. फोरमननी जॉब उचलला, बॅटरी मारली. लोकेटिंग पिनच्या बुडाशी धातूची एक बारीक चिप अडकली होती. जॉब जेमतेम मिलिमीटरभर वर राहत होता, म्हणून सिलिंडर शेवटपर्यंत जात नव्हता, म्हणून स्विच लागत नव्हता. म्हणजे स्विच रात्रभर खरंच सांगत होता, क्लॅम्प बसलेला नाही. मी त्यालाच खोटं ठरवून बदलून टाकला.

फोरमन ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कार्ड मागवण्याआधी कार्डावरचा दिवा बघितलास का?" नव्हता बघितला. इनपुट कार्डावर प्रत्येक सिग्नलचा एक बारीक दिवा असतो. स्विचपुढे लोखंडाचा तुकडा नाहीतर मॅग्नेट धरायचा, जसा स्विच असेल तसं. दिवा लागला की स्विच, वायर आणि कार्डाची ती वाट तिन्ही ठीक. एका मिनिटात अर्धं मशीन संशयातून बाहेर. मग उरलेल्याचे पुन्हा अर्धे करायचे. फॉल्ट शोधणं म्हणजे हेच, दर वेळी अर्धं वगळत जाणं. मी मात्र पार्ट बदलत बसलो होतो. पार्ट बदलणारे पुष्कळ मिळतात, आणि आजकाल पार्टही पटकन मिळतो, त्यामुळे ही सवय आणखी वाढलीय. पण त्यात कळत काहीच नाही. चुकून मशीन चालू झालं तर कशाने चालू झालं तेही कळत नाही.

दुसरी गोष्ट मी सहसा सांगत नाही. पण फोन करणाऱ्या आईबापांना हीच सांगायला हवी होती.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, दुसऱ्या एका कंपनीत. मी आता सीनियर झालो होतो, हाताखाली एक कंत्राटी हेल्पर होता. वीस-एकवीस वर्षांचा, उत्साही, पाना द्यायच्या आधीच हात पुढे. एका फिक्श्चरमध्ये जॉब तिरका अडकला होता आणि क्लॅम्पचा सिलिंडर त्यावर अर्ध्यात थांबला होता. मी पॅनेलचा मेन स्विच ऑफ केला, परत आलो आणि त्याला म्हणालो, "बंद केलंय, काढ." त्याने जॉब हलवला. जॉब सुटला आणि त्याच क्षणी सिलिंडर उरलेला स्ट्रोक पुढे गेला. त्याचं बोट मधे होतं. उजव्या हाताचं, पहिलं.

काय झालं ते नीट सांगतो, कारण हे दरवर्षी कुठेतरी होतं. त्या सिलिंडरवर डबल सोलेनॉइड वॉल्व्ह होता. अशा वॉल्व्हला स्प्रिंग नसते. लाइट गेली तरी तो शेवटच्या जागीच राहतो, म्हणजे 'पुढे जा' म्हणत राहतो. आणि हवेला लाइटशी काही घेणंदेणं नाही. लाइनमध्ये ६ बार हवा तशीच होती. सिलिंडर ५० मिलिमीटर बोअरचा. गणित करून बघा, साधारण १२० किलोचा जोर होतो. तो जोर अडकलेल्या जॉबवर नुसता टेकून उभा होता. आम्ही जॉब काढला, म्हणजे त्याची अडचणच काढली. मी वीज बंद केली होती, मशीन बंद केलं नव्हतं. हवेचा कॉक दोन पावलांवर होता. तो बंद करून लाइनमधली आणि सिलिंडरमधली हवा सोडायला वीस सेकंदं लागली असती.

बोटाचं पुढचं पेर गेलं. ईएसआयच्या दवाखान्यात मी त्याच्याबरोबर बसलो होतो. त्याने मला एकदाही विचारलं नाही, की तुम्ही बंद केलंय म्हणाला होतात ना. रिपोर्टमध्ये 'हेल्परचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं आणि मी त्यावर सही केली. चौकशी झाली असती तर माझी नोकरी गेली असती, घरी मुलगी सहा महिन्यांची होती, वगैरे. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितली. कंत्राट संपल्यावर तो गेला. नंतर एकदा एसटी स्टँडवर दिसला, त्यानेच हाक मारली, चहा पाजला. मी रिपोर्टचा विषय काढला तेव्हा म्हणाला, "जाऊ द्या ना दादा." मी गप्प बसलो. त्याने जाऊ दिलं असेल, माझं गेलेलं नाही.

तर मेकॅट्रॉनिक्सला घालू का, याचं माझं उत्तर. घाला. काम मिळतं, डोकं आणि हात दोन्ही चालतात, आणि बंद मशीन आपल्या हाताने सुरू होतं तेव्हाचं सुख दुसऱ्या कशात नाही. पण संस्था बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या प्लेसमेंटच्या फोटोंपेक्षा दोन गोष्टी विचारा. एक, इथे मुद्दाम फॉल्ट टाकून मुलांना शोधायला लावतात का? कोणी शिक्षक वायर आतून तोडून ठेवतो का, पीएनपीच्या जागी एनपीएन सेन्सर लावून ठेवतो का? दोन, मशीनला हात लावण्याआधी सगळ्या ऊर्जा बंद करून कुलूप लावायला शिकवतात का? लॉकआउट-टॅगआउट म्हणतात ते. नुसता भिंतीवर तक्ता आहे की खरोखर कुलपं आहेत, ते बघा. शिक्षक गोंधळला तर समजून जा.

आणि ऊर्जा म्हणजे नुसती वीज आणि हवा नाही हं. हायड्रॉलिकच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये पंप बंद केल्यावरही दाब असतो. वर उचललेला स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली येतो. दाबलेली स्प्रिंग दाबलेलीच असते. मोटरच्या ड्राइव्हमध्ये, व्हीएफडीत, सप्लाय काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हला आत साधारण ५८० व्होल्ट डीसी असतो. ड्राइव्हवर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढं थांबायचं, आणि तरीही मीटर लावून बघायचं. आपण खंडेनवमीला मशीनला हार घालतो, हळदकुंकू वाहतो, मला ते आवडतं. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनचा सेफ्टी गेटचा स्विच चिकटपट्टीने बांधून ठेवतो, ते मात्र मला समजत नाही.

इंग्रजीचं विचारतात बरेच जण. मॅन्युअल इंग्रजीत असतं, खरं आहे. मीही घाबरायचो. पण मॅन्युअलची इंग्रजी फार छोटी असते, तेच दोनशे-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. मी एक वही केली होती. तारीख, मशीन, काय दिसलं, काय समजलो, खरं काय निघालं. सगळं मराठीत. पाच वह्या झाल्या. चिपचा किस्सा पहिल्या वहीत आहे. बोटाचा किस्सा कुठल्याच वहीत नव्हता. मागच्या वर्षी शिकवायची तयारी करताना तो लिहिला, तारखेसकट, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, हवा बंद केली नव्हती, मी.

आता वर्गात पहिल्या दिवशी मी पीएलसी काढत नाही. प्रत्येकाला एक लाल कुलूप देतो, त्यावर ज्याचं त्याने नाव लिहायचं. चावी एकच, ती ज्याची त्याच्या खिशात. परवा एका मुलीने विचारलं, "सर, कुलूप लावून मी विसरून घरी गेले तर?" मी म्हटलं, "तर आम्ही तुला फोन करणार. तू कुठे आहेस ते खात्रीने कळेपर्यंत आणि मशीनमध्ये कोणी नाही हे बघेपर्यंत ते कुलूप तोडायचं नाही." ती म्हणाली, "आणि लाइन?"

लाइन उभी राहील, म्हटलं.

पुढच्या भागात बेअरिंग. हातोडीने बसवू नका, का ते सांगतो. येतो मग.