पुस्तकाची फाइल वाचकाला द्या



संमेलनाच्या अध्यक्षानं भाषेच्या भवितव्यावर बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मी त्याच विषयावर बोलणार आहे, पण तो मला एका व्यवहारातल्या प्रश्नापासून धरायचा आहे. मराठीत आज जे पुस्तक छापून बाहेर पडतं, ते डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्या मराठी माणसाच्या हाती कधी पडतं आणि कोणत्या रूपात पडतं?

हा प्रश्न इथे, शीव कोळीवाड्यात, विचारायला कारण आहे. या मुंबईत अंध आणि अपंग माणसांसाठी झालेल्या कामाचा मोठा भाग आपल्या आसपासच उभा राहिला. दादरची मुलींची अंधशाळा, आजची कमला मेहता अंधशाळा, 1900 साली अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी सुरू केली. वरळीची नॅब, म्हणजे राष्ट्रीय अंधजन संघटना, 1952 ची. हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था 1955 ची. माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी सेल्फ व्हिजन सेंटर आहे. आणि धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात डॉ. सॅम तारापोरवाला यांनी 2003 मध्ये जे केंद्र उभं केलं, त्यानं एका महाविद्यालयापुरतं न पाहता बँका, एटीएम, नोटा आणि कॉपीराइटचा कायदा या सगळ्यांशी झुंज घेतली. तारापोरवाला स्वतः दृष्टिहीन. इतकं काम झालेल्या शहरात मराठी पुस्तकाची अवस्था काय आहे, हे मला आज सांगायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. अंध माणूस म्हणजे ब्रेल, एवढंच आपल्या डोक्यात असतं. ब्रेलचं मोल मी कमी करत नाही. भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये एकच भारती ब्रेल ठरली, तिच्या सहा ठिपक्यांत मराठीही आली. 2008 पासून स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक चालवलं, ते तर मराठी पत्रकारितेच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहावं असं काम आहे. पण ब्रेलमधली कादंबरी जाडजूड अनेक खंडांची होते, छापायला महाग पडते आणि एका खोलीच्या घरात ठेवायला जागा नसते. म्हणून आजचा दृष्टिहीन वाचक बहुतेक वेळा फोन किंवा संगणकावर वाचतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली असते, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो. संगणकासाठी एनव्हीडीए आहे. ती 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं लिहायला घेतली, पुढे जेमी तेह हा दुसरा अंध तरुण त्याच्या जोडीला आला. ती आजही फुकट मिळते. मराठी बोलणारे आवाजही आहेत. म्हणजे यंत्र आहे, आवाज आहे, वाचक आहे. अडतं कुठे?

अडतं आपल्या अक्षरजुळणीत. हे जरा सविस्तर सांगते, कारण प्रकाशनातल्या माणसांनाही ते नेहमी ठाऊक असतंच असं नाही.

संगणकावर मराठी आली तेव्हा देवनागरी अक्षरांना स्वतःची जागा नव्हती. मग आपल्या हुशार लोकांनी युक्ती केली. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवले. पडद्यावर आणि कागदावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असतं. या फाँटांनी मराठी छपाईवर मोठे उपकार केले, श्रीलिपीसारख्या प्रणाल्यांवर आपली हजारो पुस्तकं जुळली. पण स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, तो संगणकातला मूळ संकेत वाचतो. त्यामुळे अशा फाइलवर त्याला नेलं की तो तुकारामाची ओळ असो की शेतीचं पुस्तक, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा निरर्थक घोळ ऐकवतो. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा होती. युनिकोडमधला ‘क’ जगातल्या कुठल्याही यंत्राला ‘क’ म्हणूनच कळतो. तरी आपल्याकडे अनेक ठिकाणी आजही पुस्तक जुन्या फाँटमध्ये जुळतं. डीटीपी करणाऱ्याच्या बोटांना जुना कळफलक बसलेला असतो. पेजमेकर ही पानं जुळवायची जुनी प्रणाली युनिकोड जाणतच नाही आणि पेजमेकर अजून पुष्कळ संगणकांवर आहे. जोडाक्षरं तुटतील ही भीती असते, ती एके काळी खरीही होती. आज ती अडचण सुटलेली आहे. उरली आहे ती सवय.

आता या सवयीची किंमत कोण मोजतं ते पाहा. एम.ए. मराठी करणारी एखादी दृष्टिहीन मुलगी आहे. अभ्यासक्रमातली कादंबरी तिला हवी आहे. ती कादंबरी लेखकानं बहुधा संगणकावरच लिहिलेली असते, प्रकाशकाकडे फाइल असते, मुद्रकाकडेही असते. पण त्या मुलीपर्यंत पुस्तक येतं ते असं: कोणीतरी छापील प्रत विकत घेतो, तिचं एकेक पान स्कॅन करतो, त्या चित्रांवरून ओसीआर नावाची प्रणाली पुन्हा अक्षरं ओळखते, ती वेलांट्या आणि अनुस्वार चुकवते, मग स्वयंसेवक बसून पान अन् पान तपासतात. जे अक्षर आधीच संगणकात होतं ते कागदावर उतरवून पुन्हा संगणकात चढवायचं, आणि हे सगळं होईपर्यंत तिची परीक्षा होऊन गेलेली असते. झेवियर्समध्ये, नॅबमध्ये, रुईयात असं काम करणाऱ्यांना मी मनापासून नमस्कार करते. पण त्यांच्यावर हे काम लादलं कोणी? आपणच.

कायद्याची अडचण म्हणाल तर ती 2012 मध्येच दूर झाली. त्या वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, आणि अपंग वाचकासाठी पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात आणायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही हे ठरलं. त्यासाठी देशभरातल्या अंध संघटनांनी ‘राइट टू रीड’ ही मोहीम चालवली होती. 2013 मध्ये माराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. 24 जून 2014 रोजी त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. 2016 मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. कायदा झाला, करार झाला, कपाट झालं. त्या कपाटात मराठी पुस्तकं ठेवायची कोणी, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. विकसनशील देशांत शंभरातलं एखादंच पुस्तक अंध वाचकाला वाचता येतं, असं वर्ल्ड ब्लाइंड युनियन सांगत आली आहे. युरोपात 28 जून 2025 पासून विकल्या जाणाऱ्या ई-पुस्तकांनी सर्वांना वाचता येण्याजोगं असणं कायद्यानं बंधनकारक झालं आहे. तिथे प्रकाशकाला दंडाची भीती आहे. आपल्या प्रकाशकाला मी भीती घालणार नाही, विनंती करणार आहे.

प्रकाशक मित्र मला म्हणतात, फाइल दिली की चोरी होईल. त्यांची धास्ती खोटी नाही, मराठी पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफनी व्यवसायाचं नुकसान केलं आहे. पण त्या पीडीएफ कुठून येतात? पुस्तक विकत घेऊन कोणीतरी फोननं पानांचे फोटो काढतो, तिथून. सुगम्य पुस्तकालयाचं सदस्यत्व छापील मजकूर वाचता न येणाऱ्या माणसालाच मिळतं आणि त्याची खातरजमा होते. चोराला अडवायला म्हणून आपण दार लावलं, आणि बाहेर राहिला तो प्रामाणिक वाचक.

दुसरं उत्तर येतं: आता ऑडिओबुकं आहेत की. आहेत, आणि चांगली आहेत. पण कोणी वाचून दाखवणं आणि स्वतः वाचणं यांत फरक आहे. ऐकताना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, तळटीप शोधता येत नाही, शब्दावर थांबून त्याचं स्पेलिंग तपासता येत नाही, मागच्या प्रकरणातलं वाक्य शोधून उद्धृत करता येत नाही. ज्याला फक्त ऐकायला मिळालं त्याला लिहिताना आपण शुद्धलेखनाचे गुण कापतो. मजकुराची नीट फाइल असली की तो वाचक ती ऐकू शकतो, ब्रेलच्या पडद्यावर बोटांनी वाचू शकतो, आणि ज्याला थोडं दिसतं तो अक्षर मोठं करून घेऊ शकतो. एका फाइलचा तीन तऱ्हांच्या वाचकांना उपयोग होतो. मोतीबिंदू झालेल्या आपल्या आईवडिलांनाही होतो.

आपल्या हार्बर मार्गानं प्रवास करणाऱ्यांनी फलाटावर एक बीप बीप आवाज ऐकला असेल. दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे तो वाजतो, त्या आवाजाच्या रोखानं अंध प्रवासी उभा राहतो. एवढीशी सोय, पण ती रोज लाखोंच्या गर्दीत माणसाला त्याची जागा दाखवते. रेल्वेला हे जमलं तर आपल्याला पुस्तकाचं का जमू नये?

बांधलेल्या जागेबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ आपण वाचतो, डोळे पुसतो, आणि पुढचं संमेलन पाच पायऱ्यांच्या मंचावर घेतो. उताराचा साधा हिशेब एकास बाराचा: सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबीचा उतार. सुताराला हे सांगितलं की तो करतो. 2023 मध्ये मुंबईतल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणानं पदपथावर वाट अडवणाऱ्या खांबांबद्दल लिहिलं आणि मुंबई उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत. आपल्याच जीटीबी नगरात फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या इमारती पाडल्या गेल्या, तिथे पुनर्विकास व्हायचा आहे. दारांची रुंदी आणि उतार नकाशातच पक्के करून घ्या, मागाहून फरशी फोडायची वेळ आणू नका. आणि इथे समोर जे कर्णबधिर रसिक असतील त्यांच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी पुढच्या संमेलनापासून मंचावर असलाच पाहिजे.

पण माझा आग्रह पुस्तकाचा आहे, कारण तो पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्याला महापालिका लागत नाही, निविदा लागत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. त्या अनुदानाला एकच अट जोडावी, की छापील प्रतींबरोबर युनिकोडमधली, प्रकरणांची शीर्षकं नीट लावलेली ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची, फाइलही द्यायची. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी पुस्तकं मागवतानाही हीच अट घालावी. सरकारचा पैसा ज्या पुस्तकात आहे ते प्रत्येक नागरिकाला वाचता यायला हवं, यावर कोणाचा आक्षेप असेल असं मला वाटत नाही. मुलांच्या पुस्तकांत चित्राखाली दोन ओळींचं वर्णन लेखकानं स्वतः लिहावं. चित्रात काय आहे हे त्याच्याइतकं नेमकं कोण सांगेल?

लेखक मित्रांनो, प्रकाशकाशी करार करताना त्यात एक कलम घाला: पुस्तक प्रसिद्ध होईल त्याच दिवशी त्याची युनिकोड फाइल दृष्टिहीनांच्या ग्रंथालयाला दिली जाईल. माझ्या यापुढच्या प्रत्येक पुस्तकाच्या करारात ते कलम असेल. आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात हाच ठराव मी स्वतः मांडणार आहे. त्याला अनुमोदन द्या, तो एकमतानं मंजूर करा, आणि उद्या सकाळी आपापल्या प्रकाशकाला फोन करा.